छत्तीसचे छत्तीसच राहतात

छाती कमी करायचं ऑपरेशन करून घेतलंय हे मी लपवत नाही, त्यामुळे फोन येतात. कुणाची भाची, कुणाची ऑफिसातली मैत्रीण, कुणाच्या लेकीची रूममेट. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली येतो आणि विचारतात, ‘ताई, किती नंबरची होईन मी?’ दुखतं का, खर्च किती, टाके कुठे येतात, हे सगळं त्यानंतर. या पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. ठाण्यात शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकडेमोड जरा जास्त होईल, ती सहन करा.

१. आधी आजचं खरं माप काढा

बहुतेक बायकांना स्वतःचा नंबर पाठ असतो, पण तो दुकानदाराने ठरवलेला असतो. गल्लीतल्या दुकानात किंवा तुळशीबागेतल्या स्टॉलवर बी आणि सी कपाचाच माल जास्त. छाती मोठी असली की दुकानदार कप वाढवत नाही, पट्टा वाढवतो. अडतीस होत नाही? चाळीस घ्या. चाळीस होत नाही? बेचाळीस. मी बेचाळीस बी घालत होते. तो पट्टा पाठीवर ढगळ बसतो, मागून वर चढतो, सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो आणि खांद्यांना खाचा पडतात. माझ्या खाचांत करंगळी बसायची.

माप घरीच काढता येतं. छातीच्या लगेच खाली, बरगड्यांवर, टेप घट्ट धरून इंच मोजा. मग थोडं पुढे वाकून सगळ्यात भरलेल्या भागावरून टेप न आवळता मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे कप. एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी, आणि ब्रिटिश पद्धतीने पुढे डीडी, ई, एफ. काही तक्त्यांत खालच्या मापात चार-पाच इंच मिळवायला सांगतात. ते मिळवू नका, त्यानेच पट्टे ढगळ होतात. माझं खाली ३६, वर ४३. फरक सात. म्हणजे मी बेचाळीस बी नव्हतेच, ३६ एफ होते.

हे ऑपरेशनच्या आधी करायचं कारण असं की सुरुवातीचा आकडाच खोटा असेल तर शेवटचा आकडा कितीही मागा, वजाबाकी जुळत नाही.

२. पहिला आकडा हलत नाही

‘बेचाळीसची चौतीस व्हायचंय’ असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणते. ३६ हा आकडा बरगड्यांचा आहे आणि सर्जन बरगड्या कापत नाही. वजन घटलं तर तो थोडा कमी होईल, ऑपरेशनने नाही. बदलतं ते पुढचं अक्षर.

सिमोना हालेप ही रुमानियाची टेनिसपटू. २००९ मध्ये, सतरा वर्षांची असताना, छाती खेळाच्या आड येते म्हणून तिने हे ऑपरेशन करून घेतलं. पुढे २०१८ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली, २०१९ मध्ये विम्बल्डन. तिच्याबद्दल तेव्हा छापून आलेलं माप होतं ३४ डीडीवरून ३४ सी. चौतीसचे चौतीसच राहिले. जगातल्या सर्वोत्तम धावपळीसाठी एवढा बदल पुरला, हे मी फोनवर आवर्जून सांगते.

माझं झालं ३६ एफचं ३६ डी. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगंबाई, एवढं कापून डी?’ डी म्हणजे प्रचंड अशी आपली समजूत असते, कारण सिनेमाच्या गप्पांत डी तसाच येतो. प्रत्यक्षात डी म्हणजे खालच्या आणि वरच्या मापात चार इंचांचा फरक, बस. ३० पट्ट्याचा डी छोटा, ४० पट्ट्याचा डी मोठा, अक्षर तेच. शिवाय ३६ डी, ३८ सी आणि ४० बी या तिन्हींच्या कपात जवळपास सारखंच मावतं. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा तिथल्या मुलीने मला ३८ सी दिली आणि माझ्या मैत्रिणीला सुखावणारं उत्तर मिळालं, ‘सी झालीस की!’ दुकान बदललं असतं तर अक्षर बदललं असतं. कंपनीगणिक मापं इतकी वेगळी की एकाच दिवशी दोन ब्रँडमध्ये दोन अक्षरं निघतात. सर्जनने ‘सी करून देतो’ असा शब्द दिला तर तो कुणाचा सी, हे विचारायला हवं. माझ्या डॉक्टरांनी असा शब्द देणं टाळलं, आणि मला वाटतं, त्यांच्यावर विश्वास बसायचं ते पहिलं कारण.

३. ऑपरेशन थिएटरात ग्रॅम चालतात

काढलेला भाग वजन करून लिहितात, डावीकडचा वेगळा, उजवीकडचा वेगळा, आणि तो पॅथॉलॉजीच्या तपासणीला जातो. कागदावर कप कुठेच नसतो. ठोकळमानाने एका कपामागे शंभर ते दोनशे ग्रॅम धरतात. लहान पट्ट्याला कमी, मोठ्याला जास्त. यावरून कुणी तुम्हाला नेमकं अक्षर काढून दिलं तर ते अंदाजपंचे आहे एवढं लक्षात ठेवा.

माझं उजवीकडून ५८० ग्रॅम निघालं, डावीकडून ६४०. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून थोडं जास्त, प्रत्येक बाजूला. डावीकडून जास्त काढलं कारण डावी बाजू मोठी होती. बहुतेकींची एक बाजू मोठी असतेच, आणि सर्जन मुद्दाम असमान काढतो, म्हणजे उरलेलं सारखं दिसावं. तरी थोडा फरक राहतो. माझा आहे, मला दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

दोन्ही मिळून सव्वा किलो. घरी वजनकाट्यावर उभी राहिले आणि आकडा बघून हिरमुसले, कारण मनात कुठेतरी चार-पाच किलो धरले होते. पण सव्वा किलो गळ्यात बांधून दिवसभर फळ्यासमोर उभं राहून बघा. मान आणि खांदे त्या सव्वा किलोचा हिशेब चोख ठेवतात.

ग्रॅमचे काही सरकारी आणि विम्याचे आकडे तुमच्या वाचनात येतील, त्यांचा अर्थ समजून घ्या. पॉल श्नर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत एक तक्ता मांडला. उंची-वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढायचं आणि त्या प्रमाणात किमान किती ग्रॅम काढले तर ऑपरेशन दुखण्यासाठी केलं असं मानायचं. १.७ चौरस मीटरला तो आकडा प्रत्येक बाजूला सुमारे ३७० ग्रॅम येतो. तिथल्या विमा कंपन्या तो वापरतात. इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने करायचं तर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक बाजूने ५०० ग्रॅम किंवा चार कप कमी करण्याचा बेत आणि बीएमआय २७ च्या खाली, अशा अटी आहेत. आपल्याकडे विमा पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. त्यातून सूट अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरच्या शस्त्रक्रियेला, किंवा तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर. हे सगळे आकडे पैसे कुणी भरायचे ते ठरवण्यासाठी आहेत. तुमच्या अंगाला किती शोभेल आणि किती सोसेल याच्याशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे ‘मला पाचशे ग्रॅम काढायचेत’ असं ध्येय घेऊन जाऊ नका. मानेच्या दुखण्याचे, फिजिओथेरपीचे, त्वचेच्या डॉक्टरांचे कागद मात्र फाइलला लावून ठेवा.

४. किती उरवायचं, हे रक्तवाहिन्या ठरवतात

‘सगळंच काढून टाका, मला सपाट चालेल,’ असं मीही पहिल्या भेटीत म्हणाले होते. पाठ दुखत असताना माणूस असंच बोलतं. डॉक्टरांनी कागद ओढला आणि चित्र काढून दाखवलं. त्या चित्राने माझी अपेक्षा जितकी जाग्यावर आली तितकी कुठल्याही फोटोने आली नाही.

स्तनाग्र सहसा सुटं करून वर चिकटवत नाहीत. त्याला आतल्या ऊतींचा एक जाड पट्टा जोडलेलाच ठेवतात आणि त्या पट्ट्यासकट ते वर सरकवतात. याला पेडिकल म्हणतात. रक्त त्यातूनच येतं, संवेदना आणणाऱ्या नसा त्यातूनच येतात. पेडिकल कधी खालच्या बाजूने घेतात, कधी वरच्या-आतल्या बाजूने. कुठूनही घेतलं तरी तेवढा भाग काढता येत नाही, तो उरवावाच लागतो. फार बारीक केलं तर रक्तपुरवठा तुटून स्तनाग्राचा भागच मरू शकतो. शिवाय ते जितकं खाली उतरलेलं, तितका पट्टा लांब, आणि लांब पट्ट्याला जास्त जाडी लागते. म्हणून फार ओघळलेल्या छातीला ‘अगदी लहान’ करणं अवघड असतं. अतिशय मोठ्या छातीत स्तनाग्र पूर्ण सुटं करून त्वचेसारखं रोपण करतात, पण मग संवेदना आणि अंगावर पाजणं, दोन्हींवर बहुधा पाणी सोडावं लागतं.

दुसरी मर्यादा रुंदीची. छातीच्या भिंतीवर स्तनाने किती जागा व्यापली आहे, ती जागा फारशी बदलत नाही. माझी चण रुंद. त्या रुंदीवर सगळं काढून थोडंच ठेवलं असतं तर उंचवटा न येता चपटी, चौकोनी वडी दिसली असती, आणि पोट त्याच्या पुढे आलं असतं.

त्वचेची कापाकापी वेगळी. सगळ्यात जास्त चालते ती उलट्या टी-ची आखणी. वर्तुळाभोवती, तिथून सरळ खाली, आणि घडीत आडवी. रॉबर्ट वाइज या सर्जनने १९५६ मध्ये ती मांडली, तीही ब्रेसियरच्या कापडाच्या बेतावरून. आमच्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘मग टक्स घेतात म्हणा की!’ बऱ्याच अंशी खरंच आहे. खुणा मार्करने उभं करूनच करतात, कारण आडवं झाल्यावर छाती बाजूला सांडते आणि बेत चुकतो. स्तनाग्र साधारण खालच्या घडीच्या पातळीवर आणतात. थोडं कमी काढायचं असेल तर आडवी रेघ टाळून फक्त वर्तुळ आणि उभी रेघ, असंही करतात. आपल्याकडच्या त्वचेला व्रण काळपट पडण्याची आणि जाड होण्याची खोड असते, ते वर्ष-दीड वर्ष निवत राहतात. सिलिकॉनच्या पट्ट्यांनी मला फायदा झाला. कुणाला केलॉइडचा इतिहास असेल तर आधीच सांगा.

५. डॉक्टरांना नंबर सांगण्यापेक्षा कामं सांगा

‘सी करा’ या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. मी दुसऱ्या भेटीत यादी नेली. मे महिन्यात छातीखालच्या घडीत पुरळ येऊन कातडं सोलवटतं, ते थांबायला हवं. फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना मान धरू नये. लोकलमध्ये पर्स पुढे धरून छाती झाकायची सवय जावी. कुर्ता खांद्याला बसतो तो छातीलाही बसावा. पोटावर झोपता यावं. ही यादी वाचून डॉक्टरांनी सांगितलं की यातल्या शेवटच्याची हमी नाही, बाकीचं जमेल. आणि जमलं.

फोटो नेणाऱ्या पुष्कळ असतात. न्या, पण आपल्या उंचीच्या, आपल्या चणीच्या बाईचा न्या. त्याहून उपयोगी म्हणजे ‘असं नको’ म्हणून दाखवायचा फोटो. त्यावर मतभेद कमी होतात.

आणि एक प्रश्न स्वतःलाच विचारून ठेवा. डॉक्टरांचा हात अंदाजाहून थोडा इकडे-तिकडे झाला, तर कोणता झुकाव तुम्हाला जास्त सलेल, थोडी मोठी राहिलेली की थोडी लहान झालेली? याचं उत्तर डॉक्टरांच्या फाइलमध्ये लिहायला लावा. माझं उत्तर होतं, मोठी राहिली तर सलेल. एका ओळखीच्या मुलीचं उलट होतं. तिला साडीत भरदार दिसणं आवडतं, फक्त मान दुखायची थांबवायची होती. दोघींचं ऑपरेशन तेच, पण बेत वेगळे.

घरच्यांचं काय? नवऱ्याला भेटीला न्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही बघा. मी नेलं, आणि तो बाहेर पेपर वाचत बसला. आई म्हणाली, ‘देवाने दिलंय त्याला कात्री कशाला?’ मग तिनेच स्वतःच्या खांद्यावरच्या खाचा दाखवल्या. आकार किती ठेवायचा या चर्चेत मात्र मी कुणाला बसू दिलं नाही.

६. पहिले तीन महिने आरशाला काही विचारू नका

ड्रेसिंग सुटल्यावर जे दिसतं ते निम्मं सूज असतं. वरचा भाग फुगलेला, खालचा ताणलेला, एकूण आकार चौकोनी आणि गळ्याजवळ चढलेला. काहीजणी तेव्हाच रडतात, ‘काढलं तरी काय!’ काहीजणी वरून खाली बघतात, पायाची बोटं दिसतात, आणि फार लहान झालं म्हणून घाबरतात. दोघींनीही थांबावं. मोठी सूज दीड ते तीन महिन्यांत उतरते, ऊती खाली बसतात, खालचा भाग भरतो. शेवटचा आकार कळायला सहा महिने ते वर्ष लागतं. संध्याकाळी सूज जास्त वाटते हेही माहीत असू द्या, नाहीतर सकाळचा आनंद रात्री संपतो.

तोवर डॉक्टरांनी दिलेली पुढून हुक लागणारी सर्जिकल ब्रा. महागाच्या ब्रा आधीच घेऊन ठेवू नका. तारेच्या तर नकोतच. ब्लाऊजसुद्धा तीन महिने शिवायला टाकू नका. काकूंनी मला चक्क परत पाठवलं होतं, ‘ताई, माप बसलं की या.’ कणीक मळणं, वरच्या फळीवरचे डबे काढणं, ओले कपडे पिळणं हे काही आठवडे बंद. शिवणीवर ओढ आली तर व्रण रुंदावतो.

७. छाती उतरली की पोट वर येतं

खरोखरचं वाढत नाही, पण आजवर छातीच्या सावलीत लपलेलं असतं ते दिसायला लागतं. काखेखालच्या वळ्याही तशाच. त्या छातीचा भाग नसतात आणि या ऑपरेशनात आपोआप जात नाहीत. नको असतील तर त्याच वेळी तिथली चरबी ओढून काढतात का, हे आधी विचारा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

८. मिशरी

हा मुद्दा मापाचा वाटत नाही, पण आहे. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. उलट्या टी-चा सांधा, जिथे तीन शिवणी भेटतात, तिथे आधीच रक्त कमी पोहोचतं आणि जखम उकलते ती बहुतेक तिथेच. उकललेली जखम भरताना आकार ओढला जातो. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका खुशाल नाही म्हणतात आणि रोज सकाळी दाताला मिशरी लावतात. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंचं असंच झालं. नर्सने डबी पाहिली म्हणून कळलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. निदान महिनाभर आधीपासून बंद, नंतरही तेवढंच.

९. मिळालेलं माप कायमचं नसतं

छातीत ग्रंथींबरोबर चरबी असते, आणि उरलेली चरबी वजनाबरोबर वाढते. म्हणून डॉक्टर आधी काही महिने वजन स्थिर ठेवायला सांगतात. वीस किलो कमी करायचा विचार असेल तर आधी करा, नाहीतर ऑपरेशनने साधलेला आकार पुन्हा ओघळतो. गरोदरपणात छाती वाढते, नंतर उतरते, पहिल्यासारखी होईलच असं नाही. अंगावर पाजता येईल का, हे कोणतं पेडिकल घेतलं आणि किती ग्रंथी उरल्या यावर आहे. पुष्कळजणी पाजतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं. लग्न-मूल व्हायचंय म्हणून थांबावंच असं नाही. मणक्याचं दुखणं दहा वर्षं काढण्यापेक्षा विशीत करून घेणाऱ्या मला जास्त शहाण्या वाटतात. पण छातीची वाढ चालू असलेल्या पंधरा-सोळाच्या मुलीला बहुतेक डॉक्टर थांबायलाच सांगतात, कारण पुन्हा वाढण्याची शक्यता असते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी मॅमोग्राफी करून घ्यायची, आणि जखमा पूर्ण निवल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. आतले व्रण फिल्मवर दिसतात. पुढच्या प्रत्येक वेळी ऑपरेशन झाल्याचं रेडिओलॉजिस्टला सांगायचं आणि जुनी फिल्म सोबत न्यायची.

पाळी जाण्याच्या वयात छाती पुन्हा थोडी भरते, असं डॉक्टर म्हणाले होते. माझं ते सुरू झालंय. गेल्या दिवाळीपासून ब्लाऊज मुंढ्यात काचायला लागले. काकूंनी आत माया ठेवलीच होती, ती त्यांनी उसवून दिली आणि नव्या ब्लाऊजला अर्धा इंच जास्त ठेवते म्हणाल्या.